चावी दिल्यानंतरचा घरमालक

डिसेंबर २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या दहा नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, २१ तारखेला निकाल लागले आणि पेण, रोहा-अष्टमीसकट सगळीकडे प्रशासकांच्या जागी पुन्हा लोकांनी निवडलेली माणसं बसली. प्रचाराच्या दिवसांत माझ्या दारात जी पत्रकं येऊन पडली, ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. जुनी खोड आहे. रस्ते होते, गटारं होती, पाणी होतं, ‘हक्काचं घर’ तर प्रत्येक पत्रकात होतं. त्या हक्काच्या घराचं छप्पर गळायला लागलं तर कुणाचं दार ठोठवायचं, हे एकाही पत्रकात नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या नगरपरिषदांना घर मंजूर करता येतं, वाटता येतं, चावी देतानाचा फोटो काढता येतो. घरमालक म्हणून वागता येत नाही. नव्या सभागृहांनी नवीन घरकुलांच्या घोषणा करण्याआधी हे काम शिकून घ्यावं.

हे बोलायचा माझा अधिकार असा, की नोकरीची बरीचशी वर्षं मी कोकणातल्या एका नगरपरिषदेत मालमत्तेच्या टेबलावर काढली. तिचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते. गाळे, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, सफाई कामगारांच्या चाळी, योजनेतल्या सदनिका, म्हणजे नगरपरिषदेच्या मालकीचं जे जे भाड्यानं दिलेलं, त्याची मागणी नोंदवही माझ्याकडे असायची. आता पेणला राहते. धाकटी बहीण रोह्याला, अष्टमीत दिली आहे. त्यामुळे दोन्ही गावांतल्या गप्पा कानावर येतात आणि टेबल सुटलं तरी कान सुटलेले नाहीत.

नगरपरिषदेचं घर म्हणजे आपल्या छोट्या शहरांत साधारण तीन प्रकार. पहिला सफाई कामगारांच्या वसाहती. या चाळी गावाच्या कडेला, बहुतेकदा नाल्याला लागून असतात आणि तिथली खोली नोकरीशी बांधलेली असते. नोकरी संपली की खोली सोडायची. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, म्हणून खोली वाचवायची तर मुलानं झाडूच हातात घ्यायचा, असं गणित कितीतरी घरांत मी पाहिलं. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मालकीचं मोफत घर देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजना कागदावर आहे. दुसरा प्रकार केंद्राच्या योजनांतून उभ्या राहिलेल्या इमारतींचा. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम सुरू झालं, त्यात लहान शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम होता. तिसरा प्रकार २०१५ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेचा आणि तिच्या शेजारी चालणाऱ्या रमाई आवासचा. इथे नगरपरिषद घर बांधत नाही. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला हप्त्यांनी अनुदान देते. तिन्ही प्रकारांत समारंभ होतो तो चावीच्या किंवा मंजुरीपत्राच्या दिवशी. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांचं कुणी बघत नाही.

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेण-रोह्यातला कुठलाही घरमालक मे महिन्यात शाकारणी करून घेतो, स्लॅब असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड मारतो, काहीच जमलं नाही तर निळी ताडपत्री तरी बांधतो. नगरपरिषदेच्या चाळीचं वेळापत्रक वेगळं. मे महिन्यात गळतीचा अर्ज येतो, त्याला आवक क्रमांक पडतो. जूनमध्ये अर्ज बांधकाम विभागात जातो. तिथे अभियंता एकच, आणि रस्ते, नाले, पाण्याची टाकी सगळं त्याच्याच माथी. तो सवड काढून पाहून येतो, अंदाजपत्रक तयार करतो. जुलैत ते लेखापालाकडे जातं आणि ‘तरतूद शिल्लक नाही’ एवढं लिहून परत येतं. ऑगस्टमध्ये शेरा पडतो: पावसाळ्यात छताचे काम शक्य नसल्याने पावसाळ्यानंतर विचार व्हावा. ऑक्टोबरात गळती थांबते, मग विचारही थांबतो. पुढच्या मे महिन्यात नवा अर्ज, नवा आवक क्रमांक. एकदा एक मावशी मला म्हणाल्या, “बाई, अर्ज तोच राहू द्या, फक्त साल बदला.” मी म्हटलं, “मावशी, तसं नाही चालत. तुमचा गेल्या वर्षीचा अर्ज निकाली निघालाय.” त्या हसल्या. मग मीही हसले. छप्पर तसंच राहिलं.

आता दुसरी बाजू, कारण भाडेकरू सगळे संतच असतात असं मी म्हणणार नाही. त्या मावशींच्या चाळीचं भाडं महिना ४५ रुपये होतं. कुठल्यातरी जुन्या ठरावानं ठरलेलं आणि मग कुणीच न हलवलेलं. ते वाढवायचा विषय सभेपुढे आला की सगळे पक्ष एक व्हायचे. असं ऐक्य मी दुसऱ्या कुठल्या विषयावर पाहिलं नाही. तेवढंसुद्धा भाडं थकायचं. थकवणाऱ्याला विचारलं तर तो सरळ सांगायचा, “मॅडम, गळतंय ते आधी थांबवा, मग पावती फाडा.” आणि दुरुस्तीची मागणी लेखापालाकडे गेली की तो सांगायचा, “त्या चाळीची वसुलीच नाही, खर्च कुठून टाकू?” दोघांचंही खरं होतं. दोघांच्या खऱ्यामध्ये छताच्या सळया गंजत होत्या.

माझ्या नोंदवहीतले निम्मेशिम्मे भाडेकरू तर स्वर्गवासी होते. माणूस जाऊन कितीतरी पावसाळे उलटले, पावती त्याच्याच नावानं. खोलीत त्याची बायको किंवा सून, क्वचित त्यांनी ठेवलेला पोटभाडेकरू. नाव बदलायचं तर वारस दाखला, ना हरकत, थकबाकी शून्य, मग विषयपत्रिका, मग ठराव. एवढं सगळं एका धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या बाईनं कधी करायचं? मग ती नवऱ्याच्याच नावानं भाडं भरत राहते. आणि ज्या दिवशी ती संडासाच्या तुंबलेल्या टाकीची तक्रार घेऊन येते, त्या दिवशी खिडकीतून उत्तर मिळतं: तुमचं नाव नोंदीला नाही. भाडं घेताना नाव चालतं, तक्रार घेताना चालत नाही. म्हणून लोक तक्रारच करत नाहीत. शिवाय मागच्या बाजूला चार पत्रे टाकून स्वयंपाकघर वाढवलेलं असतं; दुरुस्तीला माणूस आला तर ते आधी मोजेल, ही भीती वेगळीच.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. खासगी घरमालकाच्या भाडेकरूला या कायद्यानं बरंच दिलं. जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि ठरलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकतो. वीज-पाणी तोडता येत नाही. पण याच कायद्याच्या कलम ३ नं शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. सरकार हा घरमालक मुळातच भला, त्याला बंधन कशाला, असा त्यामागचा विश्वास. याचा परिणाम असा, की पेणमध्ये एखाद्या शेठच्या खोलीत राहणाऱ्याला जे हक्क आहेत, ते नगरपरिषदेच्या खोलीत राहणाऱ्याला नाहीत. नगरपरिषदा अधिनियम १९६५ चं कलम ९२ आम्हाला तोंडपाठ असायचं. मालमत्ता कुणाला, कशी, कुणाच्या परवानगीनं द्यायची, ते त्यात आहे. त्या कलमाचा सगळा जीव मालमत्ता वाचवण्यात आहे. तिच्यात राहणारा माणूस त्याच्या चिंतेचा विषय नाही.

कुणी म्हणेल, चाळी जुन्याच होत असतात, एक दिवस पुनर्विकास होईल. हा मुंबईचा विचार इथे चालत नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारनं बांधल्या. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. सरकार तिथे शंभर वर्षं घरमालक होतं आणि भाडं नाममात्र, दुरुस्तीही नाममात्र, हाच खाक्या होता. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मोफत मिळाली. चांगलं झालं. पण ती घरं वरळीच्या जमिनीच्या भावानं दिली. वर विकायला जागा होती म्हणून खाली फुकट देता आलं. रोह्याच्या नाल्याकाठच्या दोन मजली चाळीसाठी असा कुठला बिल्डर धावत येणार आहे? मुंबईत चाळ जीर्ण झाली की तिची किंमत वाढते; आपल्याकडे जीर्ण झालेली चाळ नुसती पडते. छोट्या शहराला पुनर्विकासाची चैन परवडत नाही, म्हणून दुरुस्तीला पर्याय नाही. आणि इमारत पडायला ती जुनीच असावी लागते असंही नाही. २४ ऑगस्ट २०२० ला आपल्याच जिल्ह्यात, महाडला, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. ती इमारत खासगी होती आणि तिला दहा वर्षंही झाली नव्हती.

योजनेतल्या इमारतींचं दुखणं वेगळं. बैठ्या झोपडीतला माणूस तिसऱ्या मजल्यावर गेला की घराबरोबर चार नवीन खर्च येतात: पंपाचं बिल, जिन्यातला दिवा, टाकीची सफाई, ड्रेनेजचा चेंबर. हे कुणी भरायचे? नगरपरिषद म्हणते, तुमची सोसायटी स्थापन करा. सोसायटीचे उपविधी, सभा, लेखापरीक्षण हे सगळं रोजंदारीवर जाणाऱ्या माणसांनी संध्याकाळी सातनंतर करायचं. जिथे एक चांगला सचिव मिळाला तिथे इमारत टिकली. जिथे नाही मिळाला तिथे पहिल्याच वर्षी पंप जळतो, मग बायका हंडे घेऊन तीन मजले चढतात, आणि ज्यांना जमतं ते घर भाड्यानं देऊन पुन्हा खाली, नाल्याकाठी राहायला येतात. वर्तमानपत्रं मग लिहितात की लाभार्थ्यांनी घरं भाड्यानं दिली. पंप कधी जळला ते लिहीत नाहीत.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे अनुदानाच्या घरकुलाबद्दल, एक हिशेब मांडते. २०१५ च्या योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळत. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यातही अडीच लाखच. मधल्या नऊ वर्षांत लोखंड, सिमेंट, जांभा, गवंड्याची हजेरी यांपैकी काय जागेवर राहिलं? उरलेले पैसे लाभार्थ्यानं घालायचे. पेणमध्ये तर २०१० मध्ये अर्बन बँक बुडाली तेव्हा दोन लाखांच्या घरातले ठेवीदार अडकले. घर बांधायला ठेवलेली पुंजी अनेकांची त्यातच होती. हप्ता मिळतो जोतं, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर फोटो काढून अपलोड झाल्यावर. फोटो काढायला माणूस उशिरा आला की हप्ता उशिरा, हप्ता उशिरा की गवंडी दुसऱ्या कामावर, आणि लिंटेलपर्यंत आलेल्या भिंतींवर पावसाळाभर शेवाळ.

त्याहून मोठी अडचण जागेची. ‘स्वतःची जागा’ ही अट कोकणात वाचायला सोपी आणि पुरी करायला महाकठीण. मिळकत पत्रिका आजोबांच्या नावानं, खाली वीस नावं, त्यातली बारा मुंबई-ठाण्यात, दोन सुरतेला, एकाचा ठावठिकाणा नाही. सगळ्यांचं संमतीपत्र आणा, मग परवानगी, मग अनुदान. घरात राहणारा एकटा, पडवी त्याच्या डोक्यावर वाकलेली, आणि तो संमतीसाठी गाड्या धरतोय. ज्याला जागाच नाही त्याचा तर अर्जच होत नाही. सरकारी जागेवरची जुनी निवासी अतिक्रमणं आवास योजनेसाठी नियमित करायचं धोरण राज्यानं २०१८ मध्ये आणलं, पण त्यासाठी मोजणी, नकाशा, यादी हे सगळं करायला नगरपरिषदेत कुणी रिकामं हवं. शहराच्या वेशीवरच्या कातकरी वाड्यांची कथा आणखी वेगळी. रायगडात कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या नावाच्या जमिनीवर उभ्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबाला घरासाठी दोन लाख आहेत, पण ती योजना ग्रामीण भागापुरती. वाडी नगरपरिषदेच्या हद्दीत आली की तीच माणसं योजनेबाहेर.

आणि ज्याला मालकीचं घर नको, परवडेल अशी भाड्याची खोली हवी, त्याचं काय? या माणसाचा विचार आपल्या घरकुलांच्या गप्पांत कधीच येत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामात बाहेरगावाहून रंगकाम करायला येणारी मुलं पाहा. हमरापूर, जोह्याकडे तर शेड तिथेच झोप. रोह्यात धाटाव एमआयडीसीतला कंत्राटी कामगार धाटाव, वरसे, रोहा करत खोली शोधतो. पूर्वी सफाई कामगार नगरपरिषदेचा होता, म्हणून त्याला निदान गळकी का होईना, खोली होती. आता तो ठेकेदाराचा माणूस आहे, त्याला खोलीचा हक्कच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ‘तिसऱ्या मुंबई’च्या जाहिराती पेणपर्यंत आल्या, आणि त्याबरोबर खोल्यांची भाडीही वर चढली. ज्याच्या पगाराला अटल सेतू माहीत नाही, त्यानं कुठे जायचं?

२०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर चालत गावी निघाले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली, तेव्हा जुन्या योजनांतून बांधलेली एक लाखाहून अधिक घरं देशभर रिकामी पडली होती. आवास योजनेच्या नव्या टप्प्यात भाड्याच्या घरांना वेगळं स्थान आहे. मे २०२५ मध्ये राज्यानं मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, आणि औद्योगिक कामगार, विद्यार्थी, नोकरदार महिला यांच्या भाड्याच्या घरांची भाषा आहे. म्हणजे कागद तयार आहे. पेण आणि रोह्यानं यातून भाड्याची घरं मागावीत असं माझं स्पष्ट मत आहे. पण अट एक. आधी आहेत त्या घरांचे चांगले घरमालक होऊन दाखवा.

चांगला घरमालक म्हणजे काय, हे बघायला थोडं लांब जाऊ. व्हिएन्ना शहराच्या महापालिकेकडे आजही सुमारे २ लाख २० हजार भाड्याची घरं आहेत. त्यांतली सर्वांत जुनी शंभर वर्षं टिकली, कारण त्यांची देखभाल हे तिथे रोजचं काम आहे. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्यानं नगरपालिकांनी मोठ्या प्रमाणावर घरं बांधायला घेतली. तिथेही हेळसांड झाली. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. रहिवासी आधीपासून सांगत होते आणि कुणी ऐकलं नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये रोचडेल गावात भिंतीवरच्या बुरशीमुळे एक दोन वर्षांचं बाळ दगावलं. त्याच्या वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. या दोन घटनांनंतर कायदा बदलला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये असा नियम आहे, की जिवाला धोका असेल तर नगरपालिकेसारख्या घरमालक संस्थेनं २४ तासांत हालचाल करायची, ओल-बुरशीची मोठी तक्रार आली तर कामाच्या १० दिवसांत पाहणी करायची. तिथली घरं लगेच स्वर्ग झाली असं नाही. पण भाडेकरूच्या हातात तारीख आली. आपल्याकडे ओल आणि बुरशी इंग्लंडपेक्षा कमी नाही. तारीख तेवढी नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, आणि छोट्या नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न पगारात जातं. म्हणून भाडं वाढवा, असं म्हणणारी मी पहिली. ४५ रुपयांत कुठलंच छप्पर टिकत नाही. पण वाढवलेलं भाडं आणि दुरुस्ती एका गाठीत बांधा. मी नोकरीत असताना एक नवे मुख्याधिकारी आले होते. त्यांनी आधी चाळीचे संडास दुरुस्त करून घेतले आणि मग वसुलीचं शिबिर चाळीच्याच अंगणात लावलं. त्या आठवड्यात जेवढी थकबाकी जमा झाली, तेवढी आमच्या जप्तीच्या नोटिसांनी कधी आणली नव्हती. बायकांनी डब्यातल्या नोटा मोजून दिल्या. त्या साहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली आणि शिबिर परत कार्यालयात आलं.

पेण आणि रोह्याच्या नव्या सभागृहांकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि बहुतेकींसाठी मंत्रालयात जावं लागत नाही. नगरपरिषदेच्या मालकीच्या प्रत्येक घराची यादी करून फलकावर लावा: घर कुठे, भाडं किती, थकबाकी किती, शेवटची दुरुस्ती कोणत्या साली. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ नं अशी माहिती न मागता द्यायचीच असते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं नाव रोहा अभिमानानं घेतं. त्या गावाला एवढा हिशेब जड जाऊ नये.

पावसाळ्याआधी नालेसफाई होते, तशीच छपरांची पाहणी मार्चमध्ये करा आणि काम ३१ मेच्या आत संपवा. अर्ज येण्याची वाट बघू नका. घरांचं भाडं वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते फक्त त्याच घरांवर खर्च करा. जमाखर्च वर्षातून एकदा चाळीत जाऊन वाचून दाखवा. वाद नसलेल्या वारस नोंदी मुख्याधिकाऱ्यांच्या स्तरावर ३० दिवसांत होतील असा एकच ठराव करून टाका, म्हणजे दर बाईसाठी वेगळा ठराव लागणार नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. जन्मदाखल्याला, उताऱ्याला, नळजोडणीला मुदत आहे आणि मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. तशीच मुदत गळक्या छपराला, तुंबलेल्या चेंबरला, उघड्या वायरला द्या. आठवड्यातली एक दुपार मालमत्तेच्या टेबलावरचा माणूस वहीसकट वसाहतीत बसवा. लोकांना कार्यालयापर्यंत यायला अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. लिपिकाला तिथे जायला दहा मिनिटं.

घरकुलाच्या संमतीपत्रांसाठी तर उपाय आपल्या पंचांगातच आहे. वीस सहहिस्सेदार एका छपराखाली कधी येतात? गणपतीत आणि शिमग्यात. त्या दिवसांत नगरपरिषदेनं नोटरी, भूमी अभिलेखचा माणूस आणि छापील नमुने घेऊन आळीआळीत शिबिर लावावं. मुंबईकर भाऊ आरती करून सही करून जाईल. नंतर त्याला गाठायला वर्ष जातं. शेवटी आणखी एक गोष्ट, सफाई कामगारांची. जे नगरपरिषदेच्या सेवेत आहेत त्यांचे श्रमसाफल्यचे प्रस्ताव यादी करून पाठवा, आणि जे ठेकेदाराकडे आहेत त्यांच्यासाठी भाड्याच्या घरांची मागणी त्याच पाकिटात घाला. गाव रोज सकाळी त्यांनीच झाडलेलं असतं.

यावर ‘निधी आला की बघू’ असं उत्तर येईल. वर लिहिलेल्या मागण्यांपैकी निम्म्यांना निधी लागत नाही, वही लागते आणि ती वाचणारा माणूस लागतो. नव्या योजनेसाठी दिल्लीकडे बघण्याआधी जुन्या छपराकडे बघणं हे नगरसेवकाचं काम आहे, आणि ते करून घेणं आपलं.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. अर्थसंकल्पाच्या सभेआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला दोन आकडे विचारा: नगरपरिषदेच्या घरांच्या दुरुस्तीसाठी यंदा किती रक्कम ठेवली, आणि गेल्या वर्षीच्या रकमेतली किती खरोखर खर्च झाली. तोंडी उत्तर मिळालं तर लिहून घ्या. मिळालं नाही तर साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. त्याला आवक क्रमांक पडतो, आणि कायद्यानं ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं.